दुर्मिळ नाण्यांचे व्यापारी आणि त्यांचे आकडे

दुर्मिळ नाण्यांचा व्यवहार करणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांच्या जाहिराती ज्यांच्या नजरेखालून गेल्या असतील, त्यांना एका विधानाची ओळख असेलच. आपल्या कारकीर्दींत आपण अमुक कोटि डॉलरांचीं नाणीं विकलीं, अशा अर्थाचें तें विधान असतें. बरोबर मालाची यादी असो वा नसो, हा आकडा मात्र ठळक टाइपांत हटकून असतो. वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणामहि व्हावयाचा तो होतोच. ज्याच्या हातून एवढें द्रव्य गेलें, तो या विषयांतला जाणता असलाच पाहिजे आणि सचोटीचाहि असला पाहिजे, असें अनुमान मन नकळत काढून मोकळें होतें. हें अनुमान कितपत टिकतें, आणि असा आकडा इतिहासाच्या कसोटीवर घासला असतां त्यांतून काय उरतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. असे आकडे सांगणारे सारे व्यापारी खोटें बोलतात, असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येकांचा आकडा अक्षरशः खराहि असेल. अडचण वेगळीच आहे. तो खरा आहे हें जसें बाहेरच्या मनुष्यास ठरवितां येत नाहीं, तसें तो खोटा आहे हेंहि ठरवितां येत नाहीं. आणि खरा ठरला तरी त्यावरून आपणांस हवें असलेलें कांहींच सिद्ध होत नाहीं. हें विधान केवळ तर्कानें पटविण्यापेक्षां एकाच नाण्याचा इतिहास पाहिला म्हणजे अधिक उलगडेल.

अमेरिकेच्या पांच सेंटांच्या निकेलच्या नाण्यावर १८८३ पासून स्वातंत्र्यदेवतेचें मस्तक असे. १९१३ च्या आरंभीं तें जाऊन त्याच्या जागीं एका बाजूस तेथील मूळ रहिवाशाचें मस्तक व दुसऱ्या बाजूस बायसन हा नवा छाप आला. १९१३ हें साल घातलेलें जुन्या छापाचें नाणें टांकसाळींतून अधिकृतपणें कधींच बाहेर पडलें नाहीं. तरी तशीं पांच नाणीं आज अस्तित्वांत आहेत. १९१९ च्या डिसेंबरांत सॅम्युएल ब्राउन नांवाच्या गृहस्थानें ‘न्युमिस्मॅटिस्ट’ या मासिकांत जाहिरात देऊन अशा नाण्यास ५०० डॉलर देऊं केले. आणि पुढल्याच वर्षीं शिकागो येथें भरलेल्या नाणेसंग्राहकांच्या संमेलनांत त्यानें स्वतःच तसलें नाणें दाखविलें. हा ब्राउन पूर्वीं फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत नोकर होता. वस्तु आधींच आपल्या पेटींत ठेवून ती विकत घेण्याची जाहिरात द्यावयाची, म्हणजे ती कोठून आली हा प्रश्न पुढें कोणी विचारीत नाहीं, असा त्याचा डाव असावा, हा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढें हीं पांचहि नाणीं कर्नल एडवर्ड ग्रीन या धनाढ्य संग्राहकाकडे गेलीं, आणि १९३६ सालीं तो मरण पावेपर्यंत त्याच्याच संग्रहांत राहिलीं.

आतां याच नाण्याच्या जोरावर एका व्यापाऱ्यानें काय केलें तें पाहा. टेक्ससमधील फोर्ट वर्थ शहरीं बी. मॅक्स मेल (१८८४–१९५७) हा व्यापारी राहत असे. वर्तमानपत्रें, मासिकें आणि पुढें रेडिओ यांच्या द्वारें त्यानें साऱ्या देशभर जाहिरातींचा धडाका लावला होता. १९१३ सालचें जुन्या छापाचें पांच सेंटांचें नाणें कोणी आणून दिल्यास आपण ५० डॉलर देऊं, ही त्याची जाहिरात घरोघर पोहोंचली. लोक खिशांतली मोड उलटून पाहूं लागले. नाणें कोणास सांपडलें नाहीं, आणि सांपडणें शक्यहि नव्हतें. कारण जीं होतीं तीं पांच, व तीं पांचहि एका धनिकाच्या तिजोरींत. मेलचें १ डॉलर किंमतीचें दुर्मिळ नाण्यांचें पुस्तक मात्र धडाक्यानें खपलें. फोर्ट वर्थला येणाऱ्या टपालापैकीं निम्म्याहून अधिक टपाल एकट्या मेलचें असे, ही आख्यायिका अजूनहि सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. निश्चित आहे तें इतकेंच, कीं ग्रीनच्या मरणानंतर तीं नाणीं बाजारांत आल्यावर १९४४ सालीं त्यांपैकीं एक याच मेलच्या हातून लिलावांत ३,७५० डॉलरांस गेलें व तें ईजिप्तच्या फारूक राजानें घेतलें.

मेलवर ठपका ठेवण्यासाठीं हें सांगितलेलें नाहीं. त्यानें मोठमोठे संग्रह विकले आणि हजारों सामान्य कुटुंबांस जुन्या नाण्यांकडे पाहावयास शिकविलें, हें त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु जाहिरातीचा मोठेपणा आणि व्यवहाराचा मोठेपणा या दोन वस्तु किती निराळ्या असतात, हें त्याच्या उदाहरणावरून जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल. त्या ५० डॉलरांच्या देकारांत असत्य असें एकहि अक्षर नव्हतें. आणि तरी तो देकार पाळण्याची वेळ मेलवर येणार नव्हती.

आतां विक्रीच्या आकड्यांकडे वळूं. वरील पांचांपैकीं एक नाणें लुई इलियासबर्ग यांच्या संग्रहांत होतें. तें १९९६ सालीं लिलावांत १४,८५,००० डॉलरांस गेलें; कोणत्याहि नाण्यास दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत येण्याचा तो पहिलाच प्रसंग. २००१ मध्यें त्याच नाण्यास १८,४०,०००, २००५ मध्यें ४१,५०,०००, २००७ मध्यें ५०,००,००० आणि २०१८ मध्यें ४५,६०,००० डॉलर आले. या पांच रकमांची बेरीज १,७०,३५,००० डॉलर होते. म्हणजे बावीस वर्षांत एका पांच सेंटांच्या नाण्यानें निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या कारकीर्दींत मिळून पावणेदोन कोटींच्या घरांतली ‘विक्री’ जमा केली. नाणें एकच, तें झिजलें नाहीं, वाढलें नाहीं, त्याची दुसरी प्रत निघाली नाहीं. शिवाय एकाच व्यवहारांत विकणाऱ्याचा दलाल तो आकडा आपल्या नांवावर मांडतो आणि घेणाऱ्याचा दलालहि आपल्या नांवावर मांडूं शकतो. अशा रीतीनें एका रुपयाचे दोन झालेले आमच्या मंडईंतल्या अडत्यांसहि चांगले ठाऊक असतात.

अडत्याचें नांव आलेंच आहे, तर तो धागा सोडूं नये. धान्याचा अडत्या शेतकऱ्याचा माल विकतो, परंतु त्या मालाची सारी किंमत त्याची मिळकत असें कोणी समजत नाहीं. त्याची मिळकत म्हणजे त्याची अडत. नाण्यांच्या लिलावाची स्थिति अगदीं अशीच आहे. १९९६ च्या १४,८५,००० या आकड्यांत हातोडा पडला तो १३,५०,००० वर. वरचे शेंकडा दहा लिलाव करणाऱ्या पेढीनें घेणाऱ्याकडून वसूल केले. २०१८ च्या विक्रींत हातोडा ३८,००,००० वर पडला आणि वर शेंकडा वीस चढले. मालकाच्या पदरांत किती पडलें हें या आकड्यांवरून कळतच नाहीं. पेढीचें मात्र एकंदर रकमेवर नांव होतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वरील पांच व्यवहारांपैकीं १९९६, २००१ व २०१८ चे तीन जाहीर लिलावांत झाले. तेथें छापील यादी होती, चारचौघांदेखत बोली झाली. २००५ व २००७ चे दोन व्यवहार खाजगी होते. त्यांचा आकडा बाहेर आला तो संबंधितांनीं सांगितला म्हणून. आणि पांचांतला सर्वांत मोठा आकडा कोणता? २००७ चा, खाजगी व्यवहारांतला. अकरा वर्षांनीं तेंच नाणें भर लिलावांत आलें तेव्हां त्यास त्याहून कमी किंमत आली. तो खाजगी आकडा खोटा होता असें यावरून म्हणतां येत नाहीं. मात्र ज्याच्या पाठीशीं साक्षीदार आहेत असा आकडा आणि ज्याच्या पाठीशीं केवळ सांगणाऱ्याचा शब्द आहे असा आकडा, हे दोन्ही एकाच बेरजेंत मिसळून टाकणें शास्त्रीय नव्हे. आयुष्यभराच्या विक्रीच्या आकड्यांत नेमकें हेंच मिश्रण झालेलें असतें.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याचा शब्द सोडा, सरकारी दप्तरावर तरी भरंवसा ठेवावा कीं नाहीं? ठेवावा, परंतु तोहि वाचावयास यावा लागतो. अमेरिकेच्या टांकसाळीच्या नोंदींत १८०४ सालीं १९,५७० चांदीचे डॉलर पाडल्याचें नमूद आहे. तरी १८०४ हें साल असलेले डॉलर आज सारे मिळून मोजकेच ज्ञात आहेत. बाकीचे गेले कोठें, याविषयीं पाऊणशें-शंभर वर्षे व्यापाऱ्यांनीं नाना सुरस कथा रचल्या आणि एकेका नाण्यास खोट्या वंशावळी जोडल्या. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनीं १९६२ सालीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्या कथांचा निकाल लावला. १८०४ सालीं जे डॉलर पाडले त्यांवर आधींच्या वर्षांचींच सालें होतीं, कारण जुने ठसे झिजेपर्यंत वापरण्याची टांकसाळीची रीत होती. १८०४ चें साल घातलेले डॉलर मस्कतचा सुलतान व सयामचा राजा अशा पूर्वेकडील राजांस नजराणा देण्यासाठीं १८३४–३५ च्या सुमारास प्रथम पाडले गेले, आणि पुढें पंचवीसएक वर्षांनीं टांकसाळींतच गुपचूप आणखी कांहीं तयार झाले. योगायोग असा, कीं हा ग्रंथ छापखान्यांत असतांनाच सयामच्या राजास दिलेला नाण्यांचा संच डेट्रॉइट येथील संमेलनांत प्रकट झाला, आणि त्यांत तो डॉलर होता. शंभर वर्षांच्या गप्पांस एका वस्तूनें उत्तर दिलें.

बढाईच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यांत हानि ती काय, असा प्रश्न येथें निघेल. हानि होते ती व्यापाऱ्याची नव्हे. संग्राहकाच्या मागें राहिलेल्या माणसांची. १९१३ च्या पांच नाण्यांपैकीं एक जॉर्ज वॉल्टन यांच्याजवळ होतें. १९६२ सालीं मोटारच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. वारसांनीं संग्रह विक्रीस पाठविला, तेव्हां व्यवसायांतल्या नामांकित जाणत्यांनीं तें नाणें साल बदलून केलेलें बनावट आहे असें ठरवून परत केलें. कुटुंबानें तो शब्द प्रमाण मानला आणि नाणें घरच्या कपाटांत पडून राहिलें. सुमारें चाळीस वर्षांनीं, २००३ सालीं, बाल्टिमोर येथें उरलेल्या चार नाण्यांच्या शेजारीं ठेवून तें तपासलें गेलें आणि अस्सल ठरलें. २०१३ सालीं त्याचे ३१,७२,५०० डॉलर आले. वॉल्टन यांची बहीण, जिच्या कपाटांत तें इतकीं वर्षें होतें, ती तोंपर्यंत हयात नव्हती. परत करणाऱ्यांची लौकिक विक्री मोठी होती, ज्ञानहि सामान्य नव्हतें. परंतु लौकिकानें जें ठरत नव्हतें तें चार नाणीं शेजारीं ठेवल्यानें एका रात्रींत ठरलें.

हा विषय मराठी वाचकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. बखरींतल्या फौजांचे आकडे आपण लहानपणापासून ऐकत आलों. लाखांखालीं बखरकार सहसा उतरत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला, तेव्हां त्याच्या विस्तृत प्रस्तावनेंत बखरींची अशीच झडती घेतली आणि समकालीन पत्रांस अग्रपूजेचा मान दिला. त्यांचा आक्षेप बखरकाराच्या अप्रामाणिकपणावर नव्हता; ऐकीव गोष्टीस पुराव्याची किंमत देण्यावर होता. उलट, मोजलेला आकडा कसा असतो याचेंहि उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं पाहून, मोजून, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत वर्णन छापलें. क्षहरातांचा पराभव सातवाहनांनीं केला, ही शिलालेखांतली गोष्ट त्या मोजणीनें पक्की झाली. हा आकडा कोणाची बढाई नव्हता. म्हणूनच त्याच्या आधारावर इतिहास उभा राहिला.

आपल्याकडील कित्येक घरांत आजोबांच्या वेळची एखादी डबी असते. तींत चार शिवराया, एखादी मोहोर, कांहीं संस्थानी रुपये असतात. ती डबी घेऊन कोणाकडे जावयाचें झाल्यास आयुष्यांत किती कोटींचा माल विकला हें त्यास विचारूं नये. कोणत्या सालीं, कोणत्या लिलावांत, यादींतल्या कोणत्या क्रमांकाचें नाणें कोणत्या किंमतीस गेलें, त्याचें वजन व छायाचित्र कोठें छापलें आहे, आणि ज्याचा माल होता त्याच्या हातीं किती पडलें, एवढें मात्र अवश्य विचारावें. यांतल्या दोन-तीन प्रश्नांचीं तरी उत्तरें जो कागद पुढें ठेवून देईल, त्याच्याशीं बोलणें पुढें चालवावें. आणि जो पुन्हां आपला आकडाच सांगेल, त्याच्यापुढून डबी उचलून घरीं परत आणावी.