खचला एक डोंगर, फुटला दुसरीकडेच: काटमाई १९१२ आणि शिलारसाच्या साठ्याचा शोध

ज्वालामुखींचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर उद्रेकाच्या तारखा येतात. इ.स. ७९ चा व्हेसुव्हियस, १८८३ चा क्राकाटोआ, १९९१ चा पिनाटुबो. पण उद्रेक हा नाटकाचा शेवटचा अंक असतो. त्याआधी जमिनीखाली शिलारस कुठे साठला, आणि साठून राहता राहता त्याच्यात काय बदल झाले, हा त्यामागचा मोठा इतिहास. तो कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. मग तो वाचायचा कसा?

हे आपण आज एका उदाहरणावरून पाहू. अलास्कातला जून १९१२ चा उद्रेक. बाहेर पडलेल्या शिलारसाच्या हिशोबाने हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा उद्रेक मानला जातो. आणि तो नेमका कुठून झाला, हे ठरायला जवळपास चाळीस वर्षं लागली.

आधी घटना पाहू. ६ जून १९१२ ला दुपारी अलास्काच्या द्वीपकल्पावर स्फोट सुरू झाले. सुमारे ६० तासांत १३ घन किलोमीटरच्या आसपास शिलारस बाहेर आला. १,००० किलोमीटरहून दूर असलेल्या जूनो शहरात आवाज ऐकू गेला. दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोडियाक बेटावर जवळजवळ ६० तास काळोख होता. हातातला कंदील हात लांब केला तर दिसत नव्हता. परिसरात काटमाई, साव्होनोस्की अशी मूळ रहिवाशांची गावं होती. आधीचे काही दिवस जमीन सतत हादरत होती, आणि लोकांनी त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं नाही. उद्रेकात थेट कोणी दगावल्याची नोंद नाही. पण गावं राखेखाली गेली ती गेलीच. काटमाईकडच्या लोकांना पुढे पेरीव्हिल नावाच्या नव्या वस्तीत बसवण्यात आलं. म्हणजे जीव वाचले, गाव मात्र गेलं. हा भाग आपण विसरता कामा नये.

आता शास्त्रज्ञांकडे येऊ. रॉबर्ट ग्रिग्ज हे वनस्पतिशास्त्रज्ञ. राखेतून झाडंझुडपं पुन्हा कशी उगवतात हे पाहायला ते नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या मोहिमेवर गेले होते. १९१६ साली त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, काटमाई डोंगराचा माथाच नाहीसा झाला होता. तिथे काही किलोमीटर रुंदीचं प्रचंड कुंड पडलं होतं. आणि दुसरी, डोंगरापलीकडची एक अख्खी दरी राखेने भरून गेली होती आणि तिच्यातून असंख्य ठिकाणी वाफा निघत होत्या. तिला त्यांनी ‘दहा हजार धुरांची दरी’ असं नाव दिलं.

आता आपण ग्रिग्ज यांच्या जागी उभे राहू. समोर माथा उडालेला डोंगर आहे. आजूबाजूला राखच राख. आपण काय म्हणू? हाच डोंगर फुटला. त्यांनीही तेच म्हटलं. काटमाईपासून सुमारे १० किलोमीटरवर, दरीच्या वरच्या टोकाला, लाव्हाची एक घुमटी होती. जेमतेम ६५ मीटर उंच, ४०० मीटरच्या आसपास रुंद. तिला ‘नोव्हारुप्टा’ म्हणजे नव्याने फुटलेली, असं नाव मिळालं. पण तिची भूमिका किरकोळ समजली गेली. एवढ्याशा घुमटीकडे कोण पाहणार?

१९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गार्निस कर्टिस तिथे गेले. त्यांनी केलेलं काम ऐकायला अगदी साधं आहे. ठिकठिकाणी राखेचे थर खणायचे, त्यांची जाडी मोजायची आणि सारख्या जाडीची ठिकाणं नकाशावर रेषेने जोडायची. राख तोंडाजवळ जाड पडते, दूर पातळ होत जाते. त्या रेषांचा मध्य काटमाईवर यायला हवा होता. तो आला नोव्हारुप्टावर! म्हणजे शिलारस बाहेर पडला तिथून, आणि खचला १० किलोमीटरवरचा काटमाई. काटमाईचा माथा उडालेला नव्हताच. खालचा आधार गेला म्हणून तो आत बसला. साठा मुख्यतः काटमाईच्या बाजूला होता आणि तो आडवाटेने निसटला, असा याचा सरळ अर्थ निघतो.

तोंड कुठे होतं याचं उत्तर असं मिळालं. पण साठ्यात काय चाललं होतं? इथे एक जुना वाद समजून घ्यावा लागेल.

नोव्हारुप्टातून एकाच उद्रेकात तीन प्रकारचा शिलारस आला. आधी फिकट रायोलाइट, ज्यात सिलिकाचं प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपास. मग त्याच्याबरोबर डेसाइट आणि गडद अँडेसाइट, ज्यात सिलिका ६० टक्क्यांच्या आगेमागे. काही प्युमिसचे दगड, म्हणजे हलके, फेसासारखे सच्छिद्र दगड, तर चक्क पट्ट्यापट्ट्यांचे होते: एक पट्टा पांढरा, एक काळपट. हे कसं झालं?

वॉशिंग्टनमधल्या भूभौतिकी प्रयोगशाळेत नॉर्मन बोवेन आणि क्लॅरेन्स फेनर हे दोघे सहकारी होते. बोवेन यांचं म्हणणं असं, की शिलारस निवताना त्यातून स्फटिक वेगळे होतात आणि उरलेल्या द्रवाची घडण बदलत जाते. याची चाहूल डार्विनलाही लागली होती. गॅलापागोस बेटांवर १८३५ साली लाव्हातले जड स्फटिक तळाशी बसलेले त्याने पाहिले होते. बोवेन यांनी भट्टीत प्रयोग करून त्याला पाया दिला, आणि १९२८ च्या ग्रंथात सगळी मांडणी केली. फेनर मात्र स्वतः काटमाईला जाऊन आलेले. पट्ट्यांचे दगड त्यांनी हातात घेतले होते. ते म्हणाले, ही सरमिसळ आहे; तापलेल्या रायोलाइटने जुना अँडेसाइट खडक आपल्यात विरघळवून घेतला.

बोवेन यांचं म्हणणं समजायला स्वयंपाकघरातलं तूप पुरे. थंडीत डब्यातलं तूप रवाळ होतं. रवे आधी गोठतात, त्यांच्यामधलं तूप पातळच राहतं. रवा आणि पातळ तूप यांची घडण एकसारखी नसते. शिलारसातही लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम जास्त असलेले स्फटिक आधी तयार होतात, आणि उरलेल्या द्रवात सिलिका वाढत जाते. द्रव घट्ट, चिकट होतो. शिवाय विरघळलेलं पाणी बहुतेक स्फटिकांत शिरत नाही, तेही या द्रवातच साठत जातं. असा द्रव वर आला, दाब कमी झाला, की सोड्याच्या बाटलीसारखा फेसाळतो. पण चिकटपणामुळे वायू सहज सुटत नाही. मग स्फोट होतो. साठून राहणं म्हणजे नुसतं वाट पाहणं नव्हे. त्या काळात शिलारसाचा स्वभावच बदलतो.

१९७० च्या दशकापासून वेस हिल्ड्रेथ आणि पुढे जूडी फियरस्टाइन यांनी नोव्हारुप्टाचे थर पुन्हा तपासले. रायोलाइटमध्ये स्फटिक जेमतेम १ ते ३ टक्के, तर डेसाइट आणि अँडेसाइटमध्ये ३० ते ४५ टक्के. म्हणजे पातळ तूप एकीकडे, रवाळ तूप दुसरीकडे! रायोलाइट हा स्फटिकांच्या घट्ट लापशीतून निथळून वर जमलेला द्रव, असं चित्र उभं राहिलं. इथे बोवेन यांची बाजू भक्कम ठरली. पट्ट्यांचे दगड मात्र खरोखरच सरमिसळीचे होते, फेनर यांची नजर चुकली नव्हती. फक्त द्रवाने घन खडक विरघळवला नव्हता. बाहेर पडताना दोन द्रव एकमेकांत गुंतले होते.

त्यातूनच ‘डोंगराखाली रसाने भरलेली मोठी टाकी’ हे पाठ्यपुस्तकातलं चित्र मागे पडत गेलं. आज असं मानतात, की साठा बहुतेक काळ लापशीसारखा असतो. निम्म्याहून अधिक स्फटिक झाले की तो सहसा वाहूच शकत नाही. द्रव त्यातून निथळून वेगळा जमतो, किंवा खालून नवा गरम रस येऊन लापशी पुन्हा सैल करतो. फुटण्याजोगी स्थिती ही मोठ्या आयुष्यातली छोटी वेळ असते.

अशा साठ्याची खूण आपल्या सह्याद्रीतही आहे. कसारा घाटाच्या परिसरात बेसाल्टचे काही थर असे आहेत, की त्यात फेल्स्पारचे काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक दिसतात. लाव्हा जमिनीवर पसरून निवताना एवढे मोठे स्फटिक वाढायला सवड नसते. ते खाली, साठ्यात वाढलेले. दख्खनचा लाव्हा नोव्हारुप्टासारखा स्फोटक नव्हता, तरी तोही वाटेत थांबून, बदलून वर आला होता, हे घाटातला तो दगड सांगतो.

शेवटी, या इतिहासाचा आज उपयोग काय? २०१४ साली आइसलंडमध्ये बार्दारबुंगाचं बर्फाखालचं कुंड खचू लागलं आणि लाव्हा बाहेर आला ४० हून अधिक किलोमीटरवर. २०१८ साली हवाईत किलाउएआचा माथा खचला, आणि सुमारे ४० किलोमीटरवरच्या वस्तीत जमीन फाटून ७०० हून अधिक घरं व इमारती लाव्हाखाली गेल्या. दोन्ही वेळी शिलारसाची आडवी वाटचाल भूकंपमापकांवर दिसत होती. १९१२ मध्ये तशी यंत्रं तिथे नव्हती. घटनेनंतर चाळीस वर्षांनी फावड्याने आणि मोजपट्टीने जे कळलं, ते आता घटना घडतानाच पाहता येतं.

म्हणून ज्वालामुखीजवळच्या माणसांसाठी ‘हा डोंगर फुटेल का’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. साठा कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याला वाट कुठून सापडेल, हे विचारावं लागतं. काटमाईच्या लोकांनी जमीन हादरताच घर सोडलं. त्यांच्याजवळ एवढीच खूण होती, आणि तिने जीव वाचवले. आपल्याजवळ आज जास्त खुणा आहेत. त्या वाचायला आपण शिकलो ते अशा खचलेल्या डोंगरांमुळे आणि पट्ट्यापट्ट्यांच्या दगडांमुळे.

इथे थांबू या.