बोलणे, म्हणणे आणि कोल्हापूरचा बोलपट

१/ १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम; हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. हा मराठीतला पहिला बोलपट. याच नगरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट साकारला होता. अवघ्या बारा वर्षांत कोल्हापूरचे चित्र मुके राहिले नाही.

२/ या नव्या कलेला मराठीने ‘बोलपट’ म्हटले. ‘म्हणपट’ किंवा ‘सांगपट’ हे शब्द कानाला हास्यास्पद वाटतात. का वाटतात, याचे उत्तर या क्रियापदांच्या इतिहासात दडलेले आहे. मूल वर्षादीड वर्षाचे झाले की ‘बोलू लागते’. ‘म्हणू लागते’ असे आपण कधीच म्हणत नाही. बोलणे म्हणजे वाणी फुटणे. म्हणण्याला काहीतरी म्हणायचे असावे लागते.

३/ इंग्रजांचा ‘टॉक’ हा शब्द ‘टेल’ म्हणजे कथा या शब्दाच्या कुळातला. त्यावरूनच पुढे ‘टॉकी’ आला. आपल्या ‘बोल’चे कूळ मात्र इतके सरळ नाही. वच्, वद्, ब्रू, भाष्, भण्, कथ्, जल्प्... संस्कृतात बोलण्याच्या धातूंची रेलचेल आहे, पण त्यांत ‘बोल’ नाही.

४/ तो भेटतो प्राकृतात. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ रचले. त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा. त्यात ‘कथ्’ या धातूऐवजी लोक जे दहा धातू वापरत, त्यांची नोंद एका सूत्रात आहे. त्या दहांत ‘बोल्ल’ आहे, आणि ‘संघ’ही आहे, ज्यात आपले ‘सांगणे’ ओळखू येते. ‘वज्जर’, ‘पज्जर’ काळाच्या ओघात विरून गेले. ‘बोल्ल’ मात्र हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली, नेपाळी अशा सर्व घरांत नांदला. संस्कृताच्या दारातून न आलेला हा शब्द उत्तर हिंदुस्थानाची जीभ झाला.

५/ ‘म्हणणे’ची वंशावळ स्वच्छ आहे. संस्कृत ‘भण्’, प्राकृत ‘भण’, त्यातील ‘भ’ला पुढच्या अनुनासिकाचा रंग चढून ‘म्ह’. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींचे वचन येते ते ‘म्हणितले’ या क्रियापदासह. अभंगांच्या नाममुद्रेतही ‘म्हणे’च. ‘म्हण’ म्हणजे लोकोक्ती तीच, आणि कारण सांगणारे ‘म्हणून’ही तेच. “येतो म्हणून सांगितले” ही आपली रचना कानडी ‘अंत’च्या रचनेशी तंतोतंत जुळते. कोल्हापूरच्या माणसाला याचे नवल वाटू नये. कानडी मुलूख त्याच्या अंगणालाच लागून आहे.

६/ इथे एक कोल्हापुरी नाव आदराने घ्यायला हवे : डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. जन्म १९०६, सदलगा, म्हणजे त्याच सीमाभागातला. १९३० पासून तीन दशके त्यांनी राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवली आणि त्याच काळात प्राकृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध केल्या. उद्द्योतनसूरींची ‘कुवलयमाला’ ही त्यांतली एक. इसवी सन ७७९ मध्ये राजस्थानातील जालोर येथे पूर्ण झालेल्या या कथेत बाजारपेठेचे एक दृश्य आहे. देशोदेशीचे व्यापारी आपापल्या भाषेत बोलत आहेत. त्यांत मराठेही आहेत : सावळे, काटक, अभिमानी आणि भांडखोर! त्यांच्या तोंडी ‘दिले’, ‘घेतले’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पैठण-देवगिरीपासून इतक्या दूर, बाराशे वर्षांपूर्वी, कोणी तरी आपल्या बोलीचा ध्वनी टिपून ठेवला, आणि त्या ग्रंथाची आधुनिक आवृत्ती पंचगंगेकाठच्या अभ्यासकाच्या हातून सिद्ध झाली.

७/ आता अर्थ पाहा. पाढे म्हणतात, आरती म्हणतात, गाणे म्हणतात. शब्द आधीच ठरलेले असतात, ओठ ते पुन्हा उच्चारतात. उलट नवस ‘बोलतात’. लग्नाची ‘बोलणी’ होतात. गुळाच्या सौद्यात ‘बोली’ लागते. दोष द्यायचा तर ‘बोल’ लावतात, आणि घरी उशिरा पोहोचल्यास आपण ‘बोलणी’ खातो. या प्रयोगांत उच्चारलेला शब्द माणसाला बांधतो किंवा डंख करतो. माझ्या मते ‘बोल’ची खरी ताकद इथे आहे, कोशातला ‘भाषण करणे’ हा अर्थ त्यापुढे फिका आहे. रुसलेल्या माणसाने धरलेला ‘अबोला’ म्हणूनच इतका बोचतो.

८/ शेवटी रोजचा वाद. “तो मला बोलला की उद्या ये” असे कुणी म्हटले की लगेच कान टोचले जातात : “बोलला नव्हे, म्हणाला!” आजच्या प्रमाण मराठीत हा भेद आहे आणि तो अर्थपूर्ण आहे, लिहिताना मीही तो पाळतो. पण तसे बोलणाऱ्याला अडाणी ठरवणे, किंवा हा केवळ हिंदीचा संसर्ग आहे असे ठोकून देणे, इतिहासाला धरून नाही. हेमचंद्रांनी ‘बोल्ल’ नोंदवला तोच मुळी ‘कथ्’च्या, म्हणजे सांगण्याच्या, जागी. शिवाय ‘म्हणणे’ तरी कुठे शिस्तीत वागते? ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’, एकाच धातूची ही दोन रूपे. पहिल्यात कर्ता उघडा, दुसऱ्यात ‘ने’ प्रत्यय लावून. आणि दोन्ही शुद्ध.