कृष्णवर्णीय मुलींचे नेतृत्व : वारसा-प्रवास आणि समाजाच्या वर्गणीतून उभी राहणारी चळवळ

२ मार्च १९५५. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहर. क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देते. पोलीस तिला ओढत खाली उतरवतात आणि अटक करतात. रोझा पार्क्स यांनी याच शहरात दिलेला नकार आपल्याला माहीत आहे. तो त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी घडला. बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५६ च्या 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्यात क्लॉडेट फिर्यादींपैकी एक होती. तरीही चळवळीचा चेहरा म्हणून तिला पुढे केले गेले नाही. ती लहान होती, गरीब वस्तीतली होती, पुढे अविवाहित असताना गरोदर राहिली. तिच्या नावावरची अटकेची जुनी नोंद न्यायालयाने पुसली ती थेट २०२१ मध्ये.

म्हणजे कृष्णवर्णीय मुलींमध्ये नेतृत्व नव्हते असे नाही. ते होते, पण त्याची नोंद झाली नाही आणि त्यामागे पैसा व पाठबळ उभे राहिले नाही. या दोन उणिवा भरून काढण्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात दोन मार्ग रुजले आहेत. पहिला वारसा-प्रवासाचा आणि दुसरा समाजातूनच निधी उभारण्याचा. आंबेडकरी तरुणांनी दोन्ही समजून घ्यावेत म्हणून हा लेख.

वारसा-प्रवास म्हणजे काय?

वारसा-प्रवास ही सहल नव्हे. आपल्या पूर्वजांनी जिथे सोसले, जिथे लढा दिला आणि जिथे काही उभारले, त्या जागी ठरवून जाणे, तिथला इतिहास आपल्या माणसांच्या तोंडून ऐकणे आणि परत येऊन त्यावर काम करणे, असा त्याचा अर्थ. गुलामगिरीने आफ्रिकी माणसाचे नाव, भाषा, गाव, कुळ सगळे हिरावले. शाळेच्या पुस्तकात त्याचा इतिहास बहुतेक वेळा गुलामगिरीपासूनच सुरू होतो. 'आपण कोण?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडले नाही की माणूस ते जमिनीवर शोधायला निघतो.

मुलींसाठी वेगळा विचार का?

जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या विधी केंद्राने २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच ते चौदा वयाच्या कृष्णवर्णीय मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त 'मोठ्या' आहेत, असे प्रौढांना वाटते, हा त्याचा निष्कर्ष. या मुलींना आधाराची, जपणुकीची गरज कमी आहे असाही समज त्यात दिसला. अशा समजांचे परिणाम शाळेत दिसतात. तीच चूक, पण शिक्षा कडक. प्रश्न विचारणारी मुलगी 'हुशार' न ठरता 'उद्धट' ठरते.

दुसरी बाजू पैशाची. मिस फाउंडेशनच्या २०२० च्या अहवालानुसार अमेरिकी फाउंडेशन्सनी दिलेल्या सुमारे ६,६९० कोटी डॉलरपैकी कृष्णवर्णीय व इतर गौरेतर स्त्रिया आणि मुलींच्या वाट्याला जेमतेम अर्धा टक्का आला. माणशी हिशेब केला तर वर्षाला साडेपाच डॉलरही नाहीत. मोठ्या देणगीदारांच्या यादीत या मुली जवळजवळ नाहीतच.

कुठे जातात?

पहिला टप्पा स्वतःच्या देशातला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नागरी हक्क चळवळीची स्थळे जोडणारा मार्ग २०१८ मध्ये सुरू झाला. बर्मिंगहॅममधील सोळाव्या रस्त्यावरचे बाप्टिस्ट चर्च त्यातलेच. १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी तिथे केलेल्या बॉम्बस्फोटात चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. सेल्मा येथील पूल, जिथे ७ मार्च १९६५ रोजी मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पोलीस तुटून पडले, तोही याच मार्गावर आहे. मॉन्टगोमेरीत २०१८ मध्ये खुले झालेले स्मारक झुंडीने ठार मारलेल्या हजारो कृष्णवर्णीयांची आठवण ठेवते.

व्हर्जिनियातील फार्मव्हिलची शाळा मुलींच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने तिथे विद्यार्थ्यांचा संप घडवला. मागणी साधी होती : गळक्या, डांबरी कागदाच्या खोल्या नकोत, बरी शाळा हवी. त्या संपातून उभा राहिलेला खटला पुढे 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' या खटल्यात सामील झाला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. आज त्या शाळेत संग्रहालय आहे. सोळा वर्षांच्या मुलीने देश हलवला, हे तिथे उभे राहून ऐकणे वेगळे आणि परीक्षेपुरते वाचणे वेगळे.

दुसरा टप्पा आफ्रिकेचा. घानामध्ये पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधलेला एल्मिनाचा किल्ला आणि जवळच केप कोस्टचा किल्ला आहे. दोन्हीकडे स्त्रियांना कोंडण्याची वेगळी तळघरे दाखवतात. समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला 'परत न येण्याचे दार' म्हणतात. केप कोस्टच्या त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला आज 'परतीचे दार' अशी पाटी आहे. आसिन मान्सो येथे विक्रीआधी गुलामांना नदीत शेवटची आंघोळ घालत. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकातून दोन पूर्वजांचे अवशेष आणून तिथे सन्मानाने पुरले गेले. सेनेगलचे गोरे बेटही असेच स्मृतिस्थळ आहे. १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी बंदी उतरवले गेले, त्याला ४०० वर्षे झाली म्हणून घाना सरकारने २०१९ हे 'परतीचे वर्ष' म्हणून पाळले.

प्रवासातून नेतृत्व कसे घडते?

केवळ विमानात बसवून कोणी नेता होत नाही. चांगल्या उपक्रमांत तीन भाग असतात.

१. आधीची तयारी : काही महिने वाचन, घरातल्या आजी-आजोबांच्या मुलाखती, स्वतःच्या शहराचा इतिहास. सोबत पासपोर्ट, व्हिसा, पालकांची संमती आणि घानासाठी सक्तीची पीतज्वराची लस. ही कामे मुलींनी स्वतः केली की तिथूनच शिक्षण सुरू होते.

२. प्रत्यक्ष प्रवास : रोज संध्याकाळी गोल करून बसणे, दिवसाबद्दल बोलणे, लिहिणे. तळघरातून बाहेर आल्यावर मुली रडतात, संतापतात, गप्प होतात. हे सांभाळणारी जाणती स्त्री सोबत हवीच. आणि प्रवास दुःखावर संपू नये. तिथल्या विद्यार्थिनी, शेतकरी, कलावंत, स्त्री-नेत्या यांच्याशी बरोबरीची भेट व्हायला हवी.

३. परतीनंतरचे काम : वस्तीत अनुभव सांगणे, शाळेत मागणी मांडणे, पुढच्या तुकडीला तयार करणे. हा भाग गाळला तर उरतात ते फक्त फोटो.

पैसा कुठून येतो?

इथे कृष्णवर्णीय स्त्रियांची परंपरा फार जुनी आहे. मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांनी १९०४ मध्ये फ्लोरिडातील डेटोना येथे मुलींची शाळा काढली, तेव्हा हातात दीड डॉलर होता आणि पटावर पाच मुली. रताळ्याच्या पाय विकून त्यांनी शाळा चालवली. आज तिथे विद्यापीठ आहे. रिचमंडमध्ये मॅगी लीना वॉकर यांनी १९०३ मध्ये गरिबांच्या पै-पैशातून बँक उभी केली. मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, तेव्हा जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्या सोबतिणींनी चिकन, केक, पाय विकून लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांसाठी पैसे जमवले. पैसे कुणी दिले ते गोऱ्या मालकांना कळू नये म्हणून गटाचे नावच होते 'कुठूनही न आलेला क्लब'. पश्चिम आफ्रिकेतून आलेली 'सुसू' तर आपली भिशीच. सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची.

आजही चर्चमधली थाळी, जेवणावळी, प्रायोजित पदयात्रा, माजी विद्यार्थिनींची वर्गणी आणि ऑनलाइन निधी संकलन यांतून प्रवासाचा खर्च उभा राहतो. २०२० मध्ये 'ब्लॅक गर्ल फ्रीडम फंड' सुरू झाला. कृष्णवर्णीय मुलींसाठी दहा वर्षांत शंभर कोटी डॉलर गुंतवावेत, ही त्याची हाक आहे.

समाजाच्या पैशाचे महत्त्व अलीकडे आणखी वाढले आहे. अटलांटातील 'फिअरलेस फंड' कृष्णवर्णीय स्त्री-उद्योजकांना अनुदान देत असे. त्यावर खटला झाला. जून २०२४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती योजना रोखली आणि सप्टेंबरमध्ये तडजोडीत ती बंद करावी लागली. वंचितांना समान पायरीवर आणणारी मदत हाच 'भेदभाव' ठरवला गेला. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. आरक्षणाविरुद्ध तो आपण रोज ऐकतो. अशा वेळी ज्या चळवळीचा चुलाच दुसऱ्याच्या घरी आहे, ती उपाशी राहते.

आक्षेप आणि धोके

पहिला आक्षेप : घरभाडे थकले असताना प्रवासावर खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पण गरिबाच्या मुलीने फक्त पोट भरावे आणि स्वप्ने श्रीमंताच्या मुलीने पाहावीत, हा विचारही त्यात दडलेला असतो. दोन्ही गरजा समोरासमोर उभ्या करू नयेत.

दुसरा धोका दयेच्या जाहिरातीचा. निधी मिळावा म्हणून मुलीचे दुःख, फोटो, घरची कहाणी चव्हाट्यावर मांडणे म्हणजे तिचा सन्मान विकणे. तिची गोष्ट सांगायची की नाही हे तिनेच ठरवावे. तिसरा धोका बाजाराचा. स्मृतिस्थळ पर्यटनाचा माल बनते आणि स्थानिक माणसाच्या हाती काही पडत नाही. चौथी गोष्ट हिशेबाची. जमा-खर्च जाहीर झालाच पाहिजे, आणि तो मुलींनीच मांडला तर उत्तम.

आपला धागा

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली, आणि डू बॉइस यांनी उत्तरही दिले. त्याच डू बॉइस यांनी १९६३ मध्ये घानाची राजधानी अक्रा येथे शेवटचा श्वास घेतला. त्यांचे तिथले घर आज स्मारक आहे. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरकडून घेतले.

वारसा-प्रवास आपल्यालाही नवा नाही. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाडचे चवदार तळे इथे आपण लाखोंनी जातो, तेही समाजाच्याच भाकरीवर. पण वस्तीत काम करताना मला एक गोष्ट सतत खटकते. जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या मुली पुढे नाचतात, स्वयंपाकात असतात, मात्र वर्गणीची वही त्यांच्या हाती नसते. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी मुक्ता साळवे चौदा-पंधरा वर्षांची होती, हे किती मंडळांच्या फलकावर असते?

येत्या जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा मुलींच्या अभ्यास-प्रवासासाठी बाजूला काढता येईल. भिडेवाडा, महाड, अजिंठा, सांची : ठिकाण मुलींनी निवडावे, खर्च त्यांनी मांडावा, परतल्यावर विहारात त्यांनीच बोलावे. तथागतांनी दानाला पारमिता म्हटले. आपल्या मुलीला बोलण्यासाठी जागा आणि हातात वही देणे हेही दानच आहे.

जय भीम!