पहिल्या बर्फाचे संचित

हिवाळा पुरता सुरू होण्यापूर्वीच एखाद्या दिवशी हवामानखाते जाहीर करते की, डोंगरावर मोठे हिमवादळ येत आहे. स्की खेळणाऱ्यांना या वार्तेने जो हर्ष होतो, त्याला मृगाच्या पहिल्या सरीच्या आनंदाचीच उपमा शोभेल. परंतु ही वार्ता नीट वाचावयास माणसाला फार काळ लागला. अमेरिकेतील युटा राज्यातल्या आल्टा या चिमुकल्या गावाचा इतिहास आम्हांला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

वासॅच पर्वतातील एका अरुंद खोऱ्याच्या माथ्याशी हे गाव आहे. पॅसिफिककडून आलेली वादळे हा डोंगर चढताना निवतात आणि आपला ओलावा बर्फरूपाने टाकतात. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो तो याच न्यायाने. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराचे पाणी अजून उबदार असते. त्यावरून थंड वायव्य वारा वाहू लागला, म्हणजे कधी कधी या बर्फात आणखी भर पडते.

1870 नंतर येथे चांदीच्या खाणी भरभराटीस आल्या. खाणींतील टेकूंसाठी उतारांवरची झाडे तोडली गेली. बर्फाला अडवून धरणारी झाडेच गेल्यावर हिमलोट गावावर कोसळू लागले आणि अनेक कामगार प्राणांस मुकले.

1939 साली त्याच उतारांवर स्की खेळणाऱ्यांना वर नेणारा खुर्च्यांचा पाळणा सुरू झाला. पूर्वी माणसे पोटासाठी आली होती, आता हौसेने येऊ लागली. डोंगर मात्र तोच होता. दुसऱ्या महायुद्धात डोंगरी पलटणीत असलेले माँटी ॲटवॉटर 1945 साली येथे आले आणि त्यांनी वनखात्यातर्फे हिमलोटांचा अभ्यास आरंभिला. स्वित्झर्लंडमधील डाव्होसच्या हिमसंशोधन संस्थेत शिकून आलेले एड लाशापेल 1952 साली त्यांना मिळाले. किती बर्फ पडले, वारा कोठून आला, हवा किती गार होती, याची नोंद होऊ लागली. बर्फात खड्डा खणून त्याचे थर तपासले जाऊ लागले.

अशा तपासणीतून जे कळते, ते पहिल्या बर्फाचा हर्ष उणा करणारे आहे. ऑक्टोबरचे बर्फ उन्हाच्या बाजूस वितळून जाते. उंचावरच्या उत्तरेकडील सावलीत मात्र ते टिकते. त्या पातळ थराखालची जमीन उबदार असते आणि वरची निरभ्र रात्र कडाक्याची थंड असते. म्हणून खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण साखरेच्या दाण्यांसारखे मोठे व सुटे होतात. ते एकमेकांना धरीत नाहीत. पुढे डिसेंबरात त्यांवर जड बर्फ साचले, की एका माणसाच्या भारानेही सारा उतार निसटू शकतो. वादळ आजचे, पण घात होतो तो दोन महिन्यांपूर्वीच्या बर्फाने!

1980 साली युटात हिमलोटांची पूर्वसूचना देणारे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. आकाशातून किती पडणार, एवढेच सांगून तेथील काम संपत नाही. खाली आधीच काय पडून आहे, हेही सांगावे लागते. आपल्या भाषेत याला संचित म्हणतात. नव्या बर्फाची वार्ता ऐकून जो जुन्या बर्फाची चौकशी करतो, त्यालाच ती वार्ता खरी कळली, असे आम्ही म्हणू.