जात्याआधीची ओवी

मुक्ताईनगरला आमची आजी पहाटे दळताना ओव्या म्हणायची. तिची चाल आली कुठून, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला.

ओवी जात्यावर जन्मली, असे आपण धरून चालतो. जुना लेखी पुरावा मात्र वेगळे सांगतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (सुमारे ११२९) महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात, त्या कांडताना. म्हणजे नोंद आहे ती मुसळाच्या ठेक्याची, जात्याच्या घरघरीची नव्हे. पुढे १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेची टीका ओवीत सांगितली आणि ओवी ग्रंथात गेली. गाण्याची ओवी बायकांच्या कामातच राहिली. काम बदलले, तशी तिची लयही बदलली असावी.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी टिपलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये छापली गेली. शब्द वाचले, चाल कागदावर उतरली नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी लाखभर ओव्या जमवल्या, त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही केल्या. आमच्या आजीचा आवाज कुणी घेतला नाही, मीही नाही.

ज्यांच्या घरी अजून कुणी गाणारी आहे, त्यांनी शब्दांबरोबर चालही नोंदवावी. आणि गाताना हाताला कोणते काम होते, तेही.