बेस्टचा खर्च कोणी सोसायचा?

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावू लागली, तेव्हा कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे तीन आणे होते. कंपनी खासगी होती आणि नऊशेच्या आसपास घोडे पोसत होती. हातावर पोट असणाऱ्याला तीन आणे झेपणारे नव्हते. भाडे लवकरच दोन आण्यांवर आणावे लागले आणि पुढे ते आणखी उतरले. स्वस्त झाली तशी ट्राम सर्वांची झाली. शहरातल्या वाहनाचा खर्च फक्त तिकिटातून काढायचा की साऱ्या शहराने मिळून सोसायचा, हा प्रश्न मुंबईत त्या काळापासूनचा आहे. बेस्टसाठी, म्हणजे पालिकेच्या बस आणि वीज उपक्रमासाठी, नागरिकांनी केलेली जवळजवळ प्रत्येक चळवळ याच प्रश्नाभोवती उभी राहिली.

१९०५ मध्ये ट्राम आणि वीजपुरवठा एकाच कंपनीकडे आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. कंपनीशी झालेल्या करारात एक दूरदृष्टीचे कलम होते: ठरावीक मुदतीनंतर हा सारा कारभार विकत घेण्याचा हक्क महापालिकेला होता. तो बजावला गेला ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. त्या दिवशी मुंबईची ट्राम, बस आणि शहर भागातली वीज नागरिकांच्या मालकीची झाली.

मालकी बदलली तशी दाद मागण्याची जागाही बदलली. नगरसेवकांची बेस्ट समिती स्थापन झाली. भाडेवाढ, नवा मार्ग, बंद पडलेला थांबा हे विषय आधी समितीपुढे आणि मग पालिकेच्या सभागृहात जाऊ लागले. कलकत्त्यात १९५३ साली परदेशी कंपनीने ट्रामच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले, तेव्हा लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, कारण ऐकून घेणारे कोणी नव्हते. मुंबईकर आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठू शकत होता. या समितीचे महत्त्व नंतरच्या पिढ्यांना पुरेसे कळले नाही, असे म्हणावे लागते.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला लोकांनी गर्दी केली होती. धूर न सोडणारे, विजेवर चालणारे वाहन रस्त्यावरून काढले गेले, कारण रुळांच्या जागेवरून मोटारींना वाट हवी होती. पर्यावरणाचा विचार तेव्हा या निर्णयाच्या जवळपासही नव्हता.

पुढची कित्येक वर्षे बेस्टचे गणित एका सोप्या व्यवस्थेवर चालले. विजेत नफा होता, बसमध्ये तूट होती आणि नफ्यातून तूट भरून निघत होती. बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच मिळे, पण बस थेट दहिसर-मुलुंडपर्यंत जाई. शहराचा सधन भाग उपनगरातल्या कामगाराच्या प्रवासाला हातभार लावत होता. २००३ चा वीज कायदा आला आणि या व्यवस्थेला घरघर लागली. परिवहनाची तूट वीजबिलात वेगळी दाखवून वसूल करण्याची पद्धत काही वर्षे चालली, ग्राहकांनी ती न्यायालयापर्यंत नेली आणि अखेर ती थांबली. वीजग्राहकाची तक्रार चुकीची नव्हती. एका भागाच्या वीजबिलावर साऱ्या महानगराची बस कायम चालवता येत नाही. मग तो भार महापालिकेने उचलायला हवा होता. तसे झाले नाही आणि तूट प्रवाशाच्या माथी आली.

त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, पन्नासहून अधिक उड्डाणपूल बांधण्याचा कार्यक्रम मुंबईत सुरू झाला होता. पैसा पुलांवर जाणार आणि त्यावरून मोटारीच धावणार, असा आक्षेप पर्यावरणवाद्यांनी आणि नियोजनाच्या अभ्यासकांनी तेव्हाच घेतला. पत्रकार विद्याधर दाते यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला आणि २०१० मध्ये हवामान बदलाच्या काळातील वाहतुकीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. रस्ता ही सार्वजनिक जागा आहे आणि तिच्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा व बसने जाणाऱ्याचा आहे, हे त्यांचे सांगणे. पन्नास-साठ माणसे नेणारी बस दोन-तीन मोटारींएवढी जागा घेते आणि त्या मोटारींत बहुधा एकेकच माणूस असतो, हे मुंबईच्या कुठल्याही सिग्नलला उभे राहून दिसते.

२०१५ मध्ये दोनदा भाडेवाढ होऊन किमान तिकीट ८ रुपयांवर गेले. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा दहा रुपयांत लगेच सुटत असताना आठ रुपये देऊन वीस मिनिटे थांब्यावर कोण उभे राहणार? प्रवासी घटले म्हणून उत्पन्न घटले, उत्पन्न घटले म्हणून फेऱ्या कापल्या गेल्या आणि फेऱ्या कमी झाल्याने उरलेले प्रवासीही गेले. एके काळी रोज चाळीस लाखांहून अधिक असलेली प्रवासीसंख्या निम्म्यावर आली. एप्रिल २०१७ मध्ये वातानुकूलित बस बंद झाल्या. पगार रखडले म्हणून ७ ऑगस्ट २०१७ रोजी, रक्षाबंधनाच्या दिवशी, कामगारांनी संप केला.

याच सुमारास 'आमची मुंबई, आमची बेस्ट' हा मंच पुढे आला. कामगार, विद्यार्थी, नियोजनकार आणि रोजचे प्रवासी त्यात एकत्र आले. पूर्वी प्रवासी आणि कर्मचारी बहुधा आमनेसामने असत. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद, डबल बेल देऊन थांबा सोडून गेल्याची तक्रार, हे रोजचेच होते. मंचाने दोघांचे हित एकच असल्याचे दाखवले. बसच्या खर्चाला 'तोटा' म्हणणेच त्यांनी नाकारले. रस्ते झाडण्यात किंवा पाणी पुरवण्यात पालिका नफा शोधत नाही, मग बसमध्येच का, असा त्यांचा सवाल होता. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, बससाठी राखीव मार्गिका द्या आणि ताफा वाढवा, या त्यांच्या मागण्या होत्या.

८ जानेवारी २०१९ पासून नऊ दिवस चाललेला संप बेस्टच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला. त्यानंतर काही महिन्यांतच पालिकेने आर्थिक मदतीचा हात पुढे केला आणि ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले. प्रवासी झपाट्याने परतले आणि संख्या पुन्हा तीस लाखांच्या घरात गेली. नागरिकांनी इतकी वर्षे मांडलेला मुद्दा इतक्या स्पष्टपणे क्वचितच सिद्ध होतो. मुंबईकराने बस सोडली नव्हती, बस त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती.

मदतीला अट जोडलेली होती. बसचा ताफा वाढवायचा, पण कंत्राटदारांच्या भाड्याच्या बस घेऊन. बस कंत्राटदाराची, चालकही त्याचाच आणि मोबदला किलोमीटरवर. बेस्टच्या स्वतःच्या बस वयोमानाने मोडीत निघत गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या फारशा आल्याच नाहीत. जुन्या लाल दुमजली बसचा शेवटचा दिवस १५ सप्टेंबर २०२३ होता. अंधेरीत प्रवाशांनी ती फुलांनी सजवली. निदान एखादी बस जतन करा, अशी प्रवासी संघटनांची मागणी होती. तिच्या जागी विजेवरची वातानुकूलित दुमजली बस फेब्रुवारी २०२३ मध्येच आली होती. विजेवरच्या बसला नागरिकांचा विरोध कधीच नव्हता. ती कोणाच्या मालकीची आणि तिच्या चालकाला प्रशिक्षण किती, याबद्दल त्यांना काळजी होती. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची विजेवरची बस गर्दीत घुसून अनेकांचा जीव गेला, तेव्हा ही काळजी किती रास्त होती ते उघड झाले.

दरम्यान ७ मार्च २०२२ रोजी पालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि बेस्ट समितीही उरली नाही. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. त्याच्या आराखड्यात बससाठी वेगळी मार्गिका दाखवलेली होती आणि तिची आठवण नागरिक संघटनांना वारंवार करून द्यावी लागली. ९ मे २०२५ पासून बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये, म्हणजे थेट दुप्पट झाले. या वाढीवर मत द्यायला लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. प्रवासी संघटनांनी वाढीला विरोध केला. बेस्टच्या मालकीच्या बस वाढवा आणि तूट पालिकेने भरून काढा, या मागण्या त्यांनी पुन्हा मांडल्या.