टिंबानंतरचे पाणी

खनिजाच्या रासायनिक सूत्रात पाणी सगळ्यांत शेवटी येते. आधी धातू, मग आम्लगट, मग एक टिंब आणि त्यापुढे पाण्याच्या रेणूंची संख्या. सूत्र पाठ करणारा विद्यार्थी ती संख्या हमखास विसरतो; परीक्षकही फारसे मनावर घेत नाहीत. युरेनियमच्या कार्बोनेट खनिजांकडे वळणाऱ्याने मात्र सूत्र या टोकाकडूनच वाचायला घ्यावे, असे मी सुचवीन.

यांतली बहुतेक खनिजे पाण्याच्याच वाटेने येतात. प्राणवायू आणि कार्बोनेट असलेले भूजल धातुकातले युरेनियम विरघळवते, खाणीच्या भिंतीवर झिरपते आणि सुकताना पिवळ्या-हिरव्या खपल्या मागे ठेवते. ॲरिझोनातील हिलसाइड खाणीतल्या अशा खपल्यांतूनच बेलीआइट, स्वार्ट्झाइट आणि अँडरसोनाइट ही तीन खनिजे पुढे आली. त्यांचे सविस्तर वर्णन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिघांचा गाभा एकच. मध्ये युरेनिल आयन, त्याच्या कंबरेभोवती तीन कार्बोनेट, आणि एकूण चार ऋण भार. हे ऋण भार फेडायला कोणता धातू येतो, त्यावर पाणी ठरते. बेलीआइटमध्ये मॅग्नेशियम असते. लहान आकार आणि दुहेरी भार यांमुळे ते स्वतःभोवती पाण्याचे सहा-सहा रेणू घट्ट धरून बसते. उरलेले रेणू हायड्रोजन बंधांच्या आधाराने मधल्या जागा भरतात. अशा १८ रेणूंमुळे खनिजाच्या वजनाचा सुमारे ३९ टक्के भाग निव्वळ पाणी ठरतो! उलट चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्हचे चेयकाइट पाहा. गाभा तोच, जोडीला सोडियम, आणि पाणी शून्य.

अवघड प्रकरण अँडरसोनाइटचे. त्यात सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही आहेत, आणि त्यांच्या जुळणीतून स्फटिकात आरपार पोकळ नळ्या तयार होतात. धातूंना बांधलेले पाणी घरमालकासारखे कायमचे. नळ्यांतले पाणी मात्र बिऱ्हाडकरू. ते ठरलेल्या जागी बसत नाही, सगळ्या जागा भरलेल्याही नसतात. म्हणूनच सूत्रात रूढीने ६ लिहिले जात असले, तरी प्रत्यक्ष आकडा ५ आणि ६ यांच्या दरम्यान कुठेतरी राहतो. पूर्णांक हवाच, हा हट्ट आपला आहे, स्फटिकाचा नाही. लीबिगाइट या आणखी एका युरेनिल कार्बोनेट खनिजाच्या सूत्रातही पूर्वी पाण्याचे १० रेणू लिहीत. कुर्ट मेराइटर यांनी १९८२ मध्ये त्याची रचना सोडवली आणि आकडा ११ च्या आसपास गेला.

इतकी साधी मोजणी अडते कुठे? क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. युरेनियमचे इलेक्ट्रॉन ९२, हायड्रोजनचा एक. त्या झगमगाटात हायड्रोजन हरवतो आणि अर्धवट भरलेल्या जागेवरचा ऑक्सिजनही संशयास्पद वाटू लागतो. मग तापवून वजनातली घट पाहायची म्हटली, तर अँडरसोनाइटमध्ये अर्ध्या रेणूचा फरक म्हणजे वजनाचा जेमतेम दीड टक्का. कणांच्या पृष्ठभागावर चिकटलेला दमटपणा तेवढा घोळ सहज घालतो. अवरक्त वर्णपट बंधांची जात चांगली सांगतो, रेणूंची संख्या मात्र मोघमच. प्रागचे यिर्झी चेयका यांनी या वर्णपटांवर आयुष्यभर काम केले. वरचे निर्जल खनिज त्यांच्याच नावाचे, हा योग मला गमतीचा वाटतो.

या सगळ्याचा व्यवहाराशी संबंध आहेच. कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्या संगतीत युरेनियम भूजलातून दूरवर वाहते. आंध्रातील तुम्मलपल्ले येथे तर कार्बोनेटी खडकामुळे आम्लाऐवजी सोडा वापरूनच युरेनियम काढतात.

पाण्याची मोजणी अशी अडते, तेव्हा जुने विश्लेषण हाती आले, की टिंबापुढचा आकडा कसा काढला ते आधी शोधा: थेट मोजून, की इतर घटकांची बेरीज शंभरातून वजा करून. नमुना किती काळ उघडा होता, चुरा कोरड्या हवेत ठेवला होता का, हेही पाहा. बेलीआइट तर नुसत्या कोरड्या हवेतही पाणी सोडू लागते.